मठ दूर, कचेरी गावात: एस्लिंगनचा फ्लेगहोफ आणि तुमच्या गावचा वाडा

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. तुम्ही श्टुटगार्टजवळ एस्लिंगनला राहता. मुलीला घेऊन ज्या सार्वजनिक वाचनालयात जाता ती इमारत म्हणजे जुना ‘बेबेनहॉयझर फ्लेगहोफ’, एका मठाची कचेरी, असं तुम्हाला कळलं. पण मठ तर आसपास कुठे दिसत नाही, मग कचेरी कुठून आली, हा पहिला प्रश्न. दुसरा तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावचा. तिथे रामदासी मठाचा दुमजली वाडा आहे, इनामाचा सगळा कारभार तिथून चालायचा. आता विश्वस्त म्हणताहेत की पाडू आणि मंगल कार्यालय बांधू. तुम्ही विचारता, ‘जर्मनीत जमलं ते आपल्याकडे का जमू नये?’

मी वास्तुसंवर्धनाचं काम करतो. शिक्षण आणि पहिली काही वर्षं नोकरी श्टुटगार्टला झाली, आता काम पश्चिम महाराष्ट्रात आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. मात्र वाडा मी पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्याबद्दल जे लिहीन त्यात ‘जर’ बरेच येतील.

आधी एस्लिंगन. बेबेनहाउझेन हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ, ट्युबिंगेनजवळच्या जंगलात. हा पंथ 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे सुरू झाला. वस्तीपासून दूर राहायचं, स्वतःच्या कष्टावर जगायचं, असा त्यांचा नेम. गंमत अशी की या नेमामुळेच ते श्रीमंत झाले. दरीखोऱ्यातल्या जमिनी त्यांनी उत्तम कसल्या, भाविकांनी आणखी जमिनी दान दिल्या, आणि धान्य-वाइन मठाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिकायला लागली. जास्तीचं विकायचं तर बाजार हवा, आणि बाजार शहरात. म्हणून मठ रानात राहिला आणि त्याची कचेरी तटबंदीच्या आत, शहरात आली. तिथे मठाचा कारभारी राहायचा. आसपासच्या गावांतून पिकाचा दहावा हिस्सा आणि खंड गोळा करायचा, द्राक्षं गाळून घ्यायची, धान्य वाळवून माळ्यावर पसरायचं, भाव आला की विकायचं, आणि हिशेब मठाला पाठवायचा. सुरुवातीला कारभारी मठातलेच बंधू असत, पुढे पगारी गृहस्थ आले.

एस्लिंगनला अशी कचेरी एकट्या बेबेनहाउझेनची नव्हती. बोडेन सरोवराकडच्या झालेम मठाची होती, डेन्केनडॉर्फची होती, बव्हेरियातल्या कायसहाइम आणि फ्युर्स्टेनफेल्ड या मठांचीही होती. बव्हेरियाच्या मठाला नेकार नदीच्या काठी घर कशाला? वाइनसाठी. पूजेला वाइन लागते, जेवणालाही लागते, आणि उरलेली विकून पैसा येतो. एस्लिंगनच्या वरच्या अंगाला दगडी पायऱ्यापायऱ्यांचे जे उभे मळे दिसतात, त्यांच्यासाठी ही सगळी मंडळी इथे आली. श्पायरच्या धर्मपीठाचा फ्लेगहोफ यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आला. पुढे सम्राट झालेल्या दुसऱ्या फ्रेडरिकने 1213 मध्ये एस्लिंगनचं मुख्य चर्च श्पायरला दिलं, आणि चर्चबरोबर त्याचं उत्पन्नही गेलं. उत्पन्न आलं की ते गोळा करणारा आला, आणि त्याला राहायला घर आलं.

शहराला हे शेजारी आवडत होते असं नाही. मठांना करात सवलती होत्या, त्यामुळे ऐन वस्तीतली मोठी जागा मठाकडे गेली की तेवढा कर शहराच्या हातून जायचा. जर्मनीतल्या बहुतेक व्यापारी शहरांत मठांच्या या घरांवरून वाद झालेले आहेत.

आता मुद्द्याचं. 1531-32 च्या सुमारास एस्लिंगन प्रोटेस्टंट झालं. 1534 नंतर व्युर्टेमबर्गच्या ड्यूकने बेबेनहाउझेनसकट आपल्या मुलखातले मठ ताब्यात घेतले. 1803 मध्ये उरलेल्या कॅथलिक मठांची मालमत्ताही सरकारजमा झाली. म्हणजे ज्या मठांसाठी ही घरं बांधली ते मठ एकामागून एक संपले, आणि घरं मात्र उभी राहिली. का? तेव्हा वारसा म्हणून कोणी ती जपली नाहीत. नव्या मालकालाही कोठार हवंच होतं. ड्यूकच्या कारभाऱ्याला तेच धान्य, तीच वाइन, त्याच गावांतून गोळा करायची होती. पाटी बदलली, काम तेच राहिलं. श्पायरच्या फ्लेगहोफच्या तळघरात आज फसफसती वाइन बनवणारी केसलर कंपनी आहे. ती 1826 मध्ये सुरू झाली, आणि या धंद्यातली जर्मनीतली सर्वांत जुनी कंपनी म्हणून ओळखली जाते. दगडी कमानींचं थंड तळघर, वर्षभर जवळपास एकसारखं तापमान. वाइनवाल्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार? मठ नसला तरी तळघराचं काम चालूच आहे.

नशिबाचाही भाग आहे, तो नाकारू नये. दुसऱ्या महायुद्धात श्टुटगार्ट बाँबने भाजून निघालं, आणि हाकेच्या अंतरावरचं एस्लिंगन बरंचसं वाचलं. तिथे 1330 च्या आसपासची लाकडी सांगाड्याची घरं ओळीने उभी आहेत. ‘त्यांनी जपलं’ असं म्हणताना ‘त्यांचं वाचलंही’ हे लक्षात ठेवा.

कायद्याचं संरक्षण फार उशिरा आलं. बाडेन-व्युर्टेमबर्गचा वारसा कायदा 1972 पासून लागू आहे. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. एखादी वास्तू जपण्याजोगी ठरवायला तिथे तीन कारणं चालतात: अभ्यासाच्या दृष्टीने मोल, कलेच्या दृष्टीने मोल, किंवा त्या गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने मोल. तिन्हींतलं एक पुरे. कचेऱ्या, कोठारं, धान्याचे माळे यांना हे तिसरं कारण वाचवतं. त्यांत कोरीवकाम बेताचंच असतं, कोणी राजा तिथे मेलेला नसतो, पण गावाचं पोट आणि गावाचा पैसा कसा चालला हे त्या घरात दिसतं. आणि खासगी मालकाच्या घरावर संरक्षण आलं की त्याच्या गळ्यात नुसता धोंडा बांधत नाहीत. नियमात राहून दुरुस्ती केली तर त्या खर्चावर आयकरात सूट आहे. भाड्याने दिलेल्या संरक्षित इमारतीला पहिली आठ वर्षं दरसाल 9 टक्के आणि पुढची चार वर्षं 7 टक्के, म्हणजे बारा वर्षांत पात्र खर्च सगळा वजा होतो. जर्मन माणूस वारशाबद्दल हळवा असेलही, पण बारा वर्षांचं हे कोष्टक त्याला पाठ असतं.

आणि तरी सगळं गोड नाही. तुमचं ते वाचनालय दुसरीकडे हलवावं का, यावर एस्लिंगनमध्ये मोठा वाद झाला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये नागरिकांनी मतदान करून ते फ्लेगहोफमध्येच ठेवून तिथेच वाढवायचा कौल दिला. पुढे खर्चावरून तो विस्तार अडलाच. इमारतीवर प्रेम आहे म्हणून उद्वाहन, अग्निशमन आणि अपंगांसाठीची सोय फुकटात होत नाही. तेव्हा ‘जर्मनीत जमलं’ याचा अर्थ ‘कायमचं जमलं’ असा घेऊ नका. दर पिढीला हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आता तुमचा वाडा. विश्वस्तांना ‘वारसा’ हा शब्द ऐकवण्यात वेळ घालवू नका असं मी म्हणेन. त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे: वाडा गळतो, दुरुस्तीला पैसे नाहीत, मंगल कार्यालयाचं उत्पन्न येईल. यातलं काहीही खोटं नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं आहे ते याला. म्हणून या वाड्याला आज कोणतं काम देता येईल, आणि ते काम त्याच्या हाडापेराला झेपेल का, हे आधी ठरवायला हवं.

मंगल कार्यालय का झेपत नाही ते विश्वस्तांना जागेवर उभं करून दाखवा. लग्नाला खांबांशिवायचा मोठा सभामंडप लागतो. वाडा म्हणजे खणांचा हिशेब. दोन खांबांत सागाची तुळई जितकी पेलेल तितकाच खण, साधारण सहा ते दहा फूट. मंडप हवा म्हणून मधले खांब काढले की वरची माडी खाली यायला वेळ लागत नाही. शिवाय स्वयंपाकाचा जाळ, शेकडो माणसांचं सांडपाणी, गाड्या. मी असे वाडे पाहिले आहेत जिथे लाकडी खांब तसेच ठेवून वर सिमेंटचा स्लॅब टाकला. तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, नुसता टेकलेला खांब, त्यावर ते वजन, आणि तुमचा भाग कोयनेच्या भूकंपपट्ट्यातला. 11 डिसेंबर 1967 गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मंगल कार्यालय हवंच असेल आणि मठाची मोकळी जागा शेजारी असेल, तर ते तिथे बांधा आणि त्याच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा वाड्याच्या देखभालीला बांधून द्या. हा मार्ग बहुतेक विश्वस्तांना पटतो, कारण त्यात त्यांचा हट्टही पुरा होतो. जागा नसेल तर हे सगळं बोलणं वेगळं होईल.

मग वाचनालय? तुमच्या मनात तेच आहे, आणि कल्पना चांगली आहे, पण एस्लिंगनचं पाहून डोळे मिटून करू नका. तिथल्या कोठाराचे मजले धान्यासाठी बांधलेले. गहू घनमीटरला साधारण 750 ते 800 किलो भरतो, म्हणजे अर्धा मीटर उंचीचा ढीग पसरला तर दर चौरस मीटरला 400 किलोच्या आसपास वजन. आपल्याकडच्या मानकात राहत्या घराच्या मजल्याला 200 किलो धरतात, वाचनकक्षाला 300, आणि पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या खोलीला किमान 600. म्हणजे धान्याचा माळा वाचनकक्ष सहज पेलतो, पुस्तकांचं कोठार मात्र पेलेलच असं नाही. तुमच्या वाड्यात तर धान्य माडीवर असण्याची शक्यता कमी. आपल्याकडे धान्य पेवात, बळदात किंवा तळमजल्याच्या कोठीत जायचं, आणि माडीवर माणसं बसायची. म्हणून मी असं सुचवेन: कपाटं तळमजल्यावर, जमिनीला टेकलेली, भिंतीपासून वीतभर लांब. माडीवर फक्त वाचायला बसायची जागा, तीही कड्या आणि तुळयांची टोकं तपासल्यावर. टोकं म्हणतो कारण लाकूड मध्ये चांगलं दिसतं आणि भिंतीत शिरतं तिथे कुजलेलं असतं. बारीक सळई टोचून पाहिली की कळतं.

वाचनालयाच्या बाजूने आणखी एक व्यवहारी मुद्दा आहे. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना त्यांच्या अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. रक्कम फार नसते, पण नियमित काम आणि नियमित उघडणारं दार मिळतं. आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी 2013 च्या कंपनी कायद्यात जी यादी आहे, तिच्या एकाच कलमात ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती आणि सार्वजनिक ग्रंथालयं या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे ‘मठाच्या जुन्या कचेरीत ग्रंथालय’ हा प्रस्ताव एका कलमात दोनदा बसतो. सातारा-कराड पट्ट्यात कारखाने कमी नाहीत. अर्ज लिहिताना देवस्थानाचा जीर्णोद्धार असा शब्द टाळा, धार्मिक कामाला हात आखडतात. इमारत आणि ग्रंथालय एवढंच लिहा.

कायद्याकडेही पाहून घ्या. मठ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर 1950 च्या न्यास कायद्याच्या कलम 36 खाली इमारत विकायला, किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मंगल कार्यालय एखाद्या ठेकेदाराला दीर्घ कराराने द्यायचं असेल तर हे कलम आडवं येईल. तसंच वाचनालय वेगळ्या संस्थेला द्यायचं असेल तर तुम्हालाही येईल. म्हणून न्यासाच्या ताब्यातच ठेवून चालवणं सोपं. नोंद आहे का, न्यासाच्या मालमत्तेच्या परिशिष्टावर वाडा दाखवला आहे का, जमीन देवस्थान इनामाची आहे का, हे सातबारा आणि न्यासाच्या कागदांवर आधी पाहा. राज्य संरक्षित स्मारक करून घ्यावं का? मी घाई करणार नाही. संरक्षण आलं की वापरावर बंधनं येतात, आणि लहान गावातल्या वाड्यासाठी निधीची रांग लांब असते. आधी वाडा चालता करा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती: दप्तर. मंदिरात मूर्ती असते तसं कारभाराच्या वाड्याचं मर्म म्हणजे तिथले कागद. मोडीतल्या किर्दी, खतावण्या, सनदांच्या नकला, इनामगावांचे ताळेबंद, भिक्षेच्या नोंदी, पोथ्यांची बाडं. 1852 नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामांची तपासणी केली तेव्हा संस्थानांना हक्क सिद्ध करायला कागद दाखवावे लागले, त्यामुळे मठांनी ते जपून ठेवलेले असतात. पण वाडा पाडायला निघाला की हेच कागद पहिल्या दिवशी अंगणात जळतात, कारण कोणाला मोडी वाचता येत नाही. माळ्यावरचे लाल रुमाल, पत्र्याच्या पेट्या, भिंतीतल्या फडताळातली बाडं, सगळं आज कुठे आहे ते शोधा. प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, आत घाम धरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात, जमिनीपासून उंच, आणि पान न पान फोटो. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून जमवलेली बाडं आहेत. तुमच्या मठाचे काही कागद तिथे आधीच गेले असतील, एक पत्र पाठवून विचारा. पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ हेही दोन दरवाजे आहेत. आणि गावाने इतकं केलं की वाड्यात एक खोली नुसती दप्तराची ठेवता येते. सदरेवर बसून कारभारी काय लिहायचा ते त्याच सदरेवर वाचता आलं तर त्याहून चांगलं संग्रहालय कोणतं?

दुरुस्तीबद्दल थोडक्यात, कारण हे जागेवर पाहिल्याशिवाय फार लिहिणं धोक्याचं. पहिलं छप्पर. कौलं, वासे, पन्हळी. बाकी कशालाही हात लावण्याआधी पाणी थांबवा. मग पाया, म्हणजे भिंतीलगतची माती उपसून पाणी वाड्यापासून लांब वाहील असं करा. भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट देऊ नका. माती-चुन्याच्या भिंतीतला ओलावा बाहेर पडायला वाट लागते, सिमेंटने ती बंद होते आणि पाणी आत तुळईच्या टोकाकडे जातं. लोक म्हणतात, ‘सिमेंट केल्यावर दोन वर्षं छान होतं.’ बरोबर, दोनच वर्षं. चुन्याचं काम करणारे गवंडी सातारा-वाई-पुणे भागात अजून मिळतात. गूळ-हिरड्याच्या पाण्याची कृती ज्याच्या तोंडात आहे पण चुना किती दिवस भिजवायचा हे ज्याला सांगता येत नाही, त्याला काम देऊ नका. आणि खालच्या फरशीला चकचकीत टाइल नको. शहाबादी बरी.

खर्च किती, हे तुम्ही विचारलं आहे. मी आकडा देणार नाही. लाकूड किती बदलावं लागेल यावर सगळं आहे, आणि ते छप्पर उघडल्याशिवाय कळत नाही. पण काम तीन तुकड्यांत करता येतं, छप्पर, मग पाणी आणि पाया, मग आतलं, आणि पहिला तुकडा झाला की पुढच्यासाठी दोन-तीन वर्षं थांबता येतं. विश्वस्तांना हे सांगा, कारण त्यांच्या डोक्यात एकरकमी मोठा आकडा आहे आणि त्यानेच ते घाबरले आहेत. नव्या इमारतीला मात्र पैसे अर्धेच जमले म्हणून अर्ध्यावर थांबता येत नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत तुम्ही तिकडून फोनवरून बोलणार असाल तर एस्लिंगनचे फोटो दाखवू नका. ‘परदेशात राहणारा सल्ले देतो’ एवढंच लोक ऐकतात. त्याऐवजी गावातल्याच कोणाकडून वाड्याचा मोजून नकाशा काढून घ्या. जवळच्या वास्तुकला महाविद्यालयातली मुलं हे काम हौसेने करतात, त्यांना अभ्यासासाठी अशी घरं हवीच असतात. कागदावर सदर, कोठी, देवघर, दप्तराची खोली अशी नावं लिहिलेली दिसली की विश्वस्तांचं बोलणं बदलतं, हा माझा अनुभव.

मला पुढचं सांगायला तीन गोष्टी लागतील: वाड्याला कौलं आहेत की धाबं, मठाच्या नावावर शेजारी मोकळी जागा आहे का, आणि न्यासाच्या नोंदीचा उतारा. फोटो पाठवलेत तर पावसाळ्यातले पाठवा, माडीवरचे आणि भिंतीच्या तळाचे. उन्हाळ्यात सगळेच वाडे धडधाकट दिसतात.